वाचकांचे प्रश्न : युरोपात शिकताना काय पाहावे, कसे पाहावे

परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या भटकंतीविषयी या वेळी बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. ही पत्रे वाचताना जाणवले की, बहुतेक पत्रलेखक स्वतःला किंवा आपल्या मुलांना पर्यटक समजून प्रश्न विचारतात. वास्तविक विद्यार्थी हा वर्ष-दोन वर्षांपुरता का होईना, त्या देशाचा रहिवासी असतो. कायदा त्याला तसे मानतो, पुष्कळ ठिकाणची तिकीटखिडकीही तसे मानते, आणि त्याने स्वतः तसे मानले तर प्रवासाचा बेत मुळापासून बदलतो.

प्रश्न : मी ड्रेस्डेन येथे स्थापत्य अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. परीक्षा आटोपल्यावर मार्चमध्ये तीन आठवडे मोकळे मिळतील. या काळात प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, रोम, झुरिक, बार्सिलोना, पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम आणि कोपनहेगन असे दहा देश करण्याचा मित्रांचा बेत आहे. 'पुन्हा कधी जमणार?' असे ते म्हणतात. मी जावे का?

या बेताप्रमाणे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मित्रांच्या मनातली हुरहूर मला समजते. शिक्षण संपले की नोकरी, व्हिसाची मुदत आणि घरच्या जबाबदाऱ्या एकदमच अंगावर येतात, आणि इतकी मोकळीक पुढे मिळेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. परंतु 21 दिवसांत 10 शहरे म्हणजे एका शहराला दोन दिवस, आणि त्यांतलाही मोठा भाग गाडीत, सामान ठेवण्या-उचलण्यात आणि उतरण्याची जागा शोधण्यात जाणार. रोमहून झुरिकला मिलानमार्गे जाण्यात दिवसाचा बराच भाग संपतो. झुरिकहून बार्सिलोना गाठायला तर पुरा दिवस लागतो. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला मिळणाऱ्या 992 युरोंवर चालणाऱ्या विद्यार्थ्याला या बेताचा खर्चही पेलणारा नाही. आयुष्यात एकदाच तीन आठवड्यांसाठी युरोपात येणाऱ्या माणसाला असा धावता दौरा करावा लागतो, कारण त्याच्यापाशी दुसरा मार्ग नसतो. तुमच्यापाशी दोन वर्षे आणि त्यांतले सगळे शनिवार-रविवार आहेत.

म्हणून पहिली गोष्ट ही की, जे जवळ आहे त्यासाठी सुट्टी खर्च करू नका. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ड्रेस्डेनइतके शिकवणारे शहर क्वचितच मिळेल, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही याचे मला वाईट वाटले. फ्राउएनकिर्शे या चर्चचा वालुकाश्माचा घुमट फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बवर्षावानंतर 15 तारखेला कोसळला. पूर्व जर्मनीच्या काळात तो ढिगारा युद्धाचे स्मारक म्हणून तसाच ठेवला होता, आणि 1994 ते 2005 या काळात चर्च पुन्हा उभे राहिले. ढिगाऱ्यातून निघालेले जुने दगड संगणकाच्या साहाय्याने शक्य तिथे आपापल्या मूळ जागी बसवले गेले. भिंतीवर आज जे काळपट दगड दिसतात ते हेच. समोरच्या चौकात अर्धा तास थांबून नवे-जुने दगड ओळखत गेलात, तर भार कुठून कुठे उतरतो हे पुस्तकापेक्षा अधिक स्पष्ट दिसते.

तेथून एल्बेच्या काठाने चालू लागा. कॅरोला पुलाचा एक भाग 11 सप्टेंबर 2024 च्या पहाटे नदीत कोसळला. त्या वेळी पुलावर कोणी नव्हते, म्हणून जीवितहानी टळली. पूर्वताणित काँक्रीटमधल्या पोलादी तारांना ताणाखाली गंजून गेलेले तडे हे त्याचे कारण निघाले, आणि उरलेला पूलही नंतर पाडावा लागला. प्रवाहाच्या वरच्या अंगाला वाल्डश्लोसशेन पूल आहे. हा पूल बांधला म्हणून युनेस्कोने 2009 मध्ये एल्बेच्या खोऱ्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीतून काढून टाकले. शहराने मात्र पूल पूर्ण केला आणि 2013 मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. आणखी पुढे 1893 सालचा, निळ्या रंगाचा लोखंडी लोशविट्झ पूल येतो. एका नदीवरच्या या तीन पुलांत साहित्याचे आयुष्य, लोकांची गरज आणि निसर्गदृश्याचा हक्क हे तिन्ही वाद तुम्हाला प्रत्यक्ष पाहायला मिळतील.

एखाद्या शनिवारी प्रादेशिक गाडीने राइशेनबाखला जाऊन ग्योल्च नदीच्या खोऱ्यावरचा रेल्वेपूल पाहा. 1851 मध्ये पूर्ण झालेला, 78 मीटर उंच आणि 574 मीटर लांब असा हा जगातला सर्वांत मोठा विटांचा पूल असून त्याला सुमारे 2 कोटी 60 लाख विटा लागल्या. गाड्या आजही त्यावरून धावतात. आधी गाडीतून तो ओलांडा आणि मग खाली उतरून पाहा. दोन्ही केल्याशिवाय त्याचा आवाका कळत नाही.

आता मार्चच्या तीन आठवड्यांविषयी. तुमच्या मित्रांच्या यादीतली तीनच नावे ठेवून मी एक सरळ दक्षिणेकडे जाणारी वाट सुचवीन : प्राग, व्हिएन्ना, फ्लॉरेन्स, रोम. ड्रेस्डेन ते प्राग हा सुमारे अडीच तासांचा प्रवास बराच वेळ एल्बेच्या काठाकाठाने होतो, तेव्हा तो दिवसाउजेडी करा. प्रागमध्ये चौथ्या कार्ल राजाने 1357 मध्ये सुरू केलेला दगडी पूल पहाटे पाहावा, कारण दहा वाजल्यानंतर तिथे गर्दीखेरीज काही दिसत नाही. व्हिएन्नाहून इटलीकडे जाताना सेमेरिंगचा घाट लागतो. कार्ल फोन गेगा यांनी आखलेला हा सुमारे 41 किलोमीटरांचा रेल्वेमार्ग 1854 मध्ये, म्हणजे डायनामाइटचा शोध लागण्यापूर्वी, पूर्ण झाला. आता त्याच डोंगराखालून नवा लांब बोगदा बांधला जात आहे. वेगवान गाड्या एकदा त्या बोगद्यातून जाऊ लागल्या की, जुना घाट मुद्दाम वाट वाकडी करून पाहावा लागेल. सेमेरिंग स्थानकावर उतरून मार्गालगतच्या पायवाटेने दुमजली कमानींच्या पुलांपर्यंत चालत जाण्यात एक दिवस घालवा.

खरा मुक्काम फ्लॉरेन्स आणि रोम येथे असावा. ब्रुनेलेस्की यांनी 1420 ते 1436 या काळात फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलवर चढवलेला घुमट जमिनीपासून उभ्या केलेल्या लाकडी आधाराविना बांधला गेला. आतल्या 463 पायऱ्या दोन कवचांमधून वर जातात आणि विटांची तिरपी रचना तिथे हाताच्या अंतरावर दिसते. त्यासाठी ठरावीक वेळेचे तिकीट आधी घ्यावे लागते. रोममधल्या पँथिऑनचा घुमट याहून जवळजवळ तेराशे वर्षांनी जुना. 43.3 मीटर व्यासाचा हा घुमट पोलादाच्या सळईशिवाय केवळ काँक्रीटमध्ये ओतलेला आहे, आणि वर जाताना त्यातली खडी हलकी होत जाऊन माथ्याजवळ ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाची झाली आहे. या दोन्ही वास्तू किमान दोनदा पाहाव्यात. पहिल्या भेटीत डोळे दिपतात. दुसऱ्या भेटीत वही काढून छेद रेखाटता येतो, आणि तुमच्यासारख्याने तो रेखाटल्याशिवाय परत येऊ नये.

मित्रांना दुखवण्याचे कारण नाही. व्हिएन्नापर्यंत त्यांच्याबरोबर जा आणि तेथून वेगळे व्हा. पॅरिस आणि अ‍ॅमस्टरडॅम पुढच्या सुट्टीत होतील, बुडापेस्ट तर मोठ्या शनिवार-रविवारीही होण्यासारखे आहे.

प्रश्न : आमची मुलगी फ्रान्समध्ये ल्यों येथे शिकते. इटली, स्वित्झर्लंड येथे जाण्यासाठी तिला वेगळा व्हिसा लागेल का? नाताळात तिला लंडनला तिच्या मामाकडे जायचे आहे, तेही याच कागदपत्रांवर जमेल का?

इटली आणि स्वित्झर्लंड दोन्ही शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या समूहात, आहेत, त्यामुळे तेथे वेगळा व्हिसा लागत नाही. बल्गेरिया आणि रोमानिया 1 जानेवारी 2025 पासून पूर्णपणे सामील झाल्यावर या क्षेत्रात 29 देश झाले आहेत. फ्रान्सचा दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा हाच तिथला रहिवासी परवाना म्हणून चालतो. मात्र पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याची ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती तिने केली आहे ना, हे आजच विचारा. या परवान्यावर ती इतर शेंगेन देशांत कोणत्याही 180 दिवसांत मिळून 90 दिवस राहू शकते. फ्रान्समधले दिवस यात धरले जात नाहीत, बाकी सर्व देशांतले दिवस मात्र एकत्र मोजतात. सीमेवर कोणी तपासत नाही असे समजून पासपोर्ट खोलीवर ठेवून निघण्याची चूक पुष्कळ मुले करतात. जर्मनीने सप्टेंबर 2024 पासून आपल्या सर्व भू-सीमांवर तपासणी सुरू केली आहे, आणि इतर काही देशही अधूनमधून तसे करतात. मूळ पासपोर्ट आणि परवाना दोन्ही जवळ असलेच पाहिजेत.

लंडनचे मात्र या कागदपत्रांवर जमणार नाही. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, आणि आयर्लंड युरोपीय संघात असूनही शेंगेनबाहेर आहे. भारतीय पासपोर्टवर दोन्हींसाठी स्वतंत्र व्हिसा लागतो. पॅरिसहून रेल्वेने जायचे ठरवले तर ब्रिटनचे अधिकारी गार दू नोर स्थानकावरच कागद तपासतात, म्हणजे व्हिसा नसेल तर तिथूनच परतावे लागेल. व्हिसाच्या निर्णयाला सामान्यपणे तीन आठवडे लागतात, तेव्हा नाताळासाठी ऑक्टोबरमध्येच अर्ज करावा हे बरे.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण पालक म्हणून तुम्हाला ती माहीत असायला हवी. फ्रान्सच्या सरकारी आरोग्यविम्यात तिची नोंदणी झाली असेल, तर तिला युरोपीय आरोग्यविमा कार्ड विनामूल्य मिळते. युरोपीय संघाचे नागरिक नसलेल्यांना ते डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनश्टाइन आणि स्वित्झर्लंड येथे वापरता येत नाही. ल्योंहून जिनिव्हा अगदी जवळ असल्याने मुले सहज म्हणून तिथे जाऊन येतात, आणि स्वित्झर्लंडमधले उपचार फार महाग असतात. आल्प्समध्ये जाण्यापूर्वी वेगळा प्रवासविमा जरूर काढायला सांगा.

प्रश्न : मी डेल्फ्टला शिकतो. भारतीय पासपोर्ट असल्यामुळे मला युरेल पास घ्यावा लागेल की इंटररेल? काही जण म्हणतात की पास घेण्यापेक्षा स्वस्त विमान परवडते.

ठरावीक दिवस अनेक देशांत रेल्वेने फिरू देणारे हे पास देताना पासपोर्ट नव्हे, राहण्याचे ठिकाण पाहिले जाते. युरेल हा युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही नेदरलँड्सचे अधिकृत रहिवासी आहात, म्हणून तुमच्यासाठी 1972 मध्ये सुरू झालेला इंटररेल पास. 27 वर्षांपर्यंतच्या प्रवाशांना तो सवलतीत मिळतो आणि 33 देशांत चालतो. स्वतः राहतो त्या देशात मात्र या पासावर देशाबाहेर जाण्याचा आणि परत येण्याचा असे दोनच प्रवास करता येतात.

पास घ्यावा की नाही, हे तुम्ही कोणत्या दिशेला जाता यावर ठरते. जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकिया, स्वित्झर्लंड या भागात बहुतेक गाड्यांत आरक्षणाशिवाय चढता येते, आणि सकाळी उठून बेत बदलण्याची मोकळीक हाच पासाचा खरा लाभ आहे. फ्रान्स, स्पेन आणि इटलीतल्या अतिवेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे द्यावे लागतात, आणि फ्रान्समध्ये पासधारकांसाठीच्या जागा गर्दीच्या दिवसांत लवकर संपतात. एकाच शहराला जाऊन परत यायचे असेल तर महिना-दोन महिने आधी काढलेले साधे तिकीट पासापेक्षा स्वस्त पडते. रात्रीच्या थेट गाडीला ती सुटते तो एकच दिवस पासातून वजा होतो आणि एका रात्रीचे भाडेही वाचते. ऑस्ट्रियन रेल्वेच्या रात्रगाड्यांचे जाळे या दृष्टीने सर्वांत चांगले आहे.

विमानाच्या तिकिटाची किंमत पाहताना विमानतळ कुठे आहे तेही पाहावे. 'पॅरिस' म्हणून विकले जाणारे बोव्हे पॅरिसपासून सुमारे 80 किलोमीटर दूर आहे, आणि 'फ्रँकफर्ट' नाव मिरवणारे हान फ्रँकफर्टपासून सुमारे 120 किलोमीटर. बसचे भाडे, सामानाचे पैसे आणि पहाटे निघण्याची यातायात जमेस धरली की स्वस्त तिकीट पुष्कळदा स्वस्त राहत नाही. लिस्बन, अथेन्स अशा लांबच्या टोकांना मात्र विमानानेच जावे, त्यात संकोच मानू नये. शिवाय रेल्वेला एक तासाहून अधिक उशीर झाला तर भाड्याच्या 25 टक्के आणि दोन तासांहून अधिक झाला तर 50 टक्के भरपाई मागण्याचा हक्क युरोपीय नियमांनी दिला आहे. साध्या तिकिटावर तो जरूर बजावा.

प्रश्न : मी बर्लिनमध्ये समाजशास्त्र शिकते. मैत्रिणी पोलंडला निघाल्या आहेत आणि क्राकोव्हबरोबर आउशविट्झही पाहणार आहेत. सहलीत अशा जागी जाणे मला खटकते. तरी जावे का?

तुम्हाला जे खटकते ते रास्त आहे, आणि ते मनात ठेवूनच जावे. नाझींच्या त्या मृत्युछावणीत सुमारे 11 लाख माणसांचा बळी गेला आणि त्यांतले सुमारे 10 लाख ज्यू होते. ही संख्या वाचून माहीत असणे आणि तिथल्याच बिर्केनाऊ या दुसऱ्या छावणीतल्या रुळांच्या टोकाशी उभे राहणे यांत फार मोठे अंतर आहे. प्रवेश विनामूल्य आहे, मात्र वेळ आधी राखून ठेवावी लागते, आणि पहिल्या भेटीसाठी पैसे देऊन वाटाड्या घेणेच योग्य. दोन्ही छावण्या मिळून किमान साडेतीन तास लागतात. 'सकाळी आउशविट्झ, दुपारी मिठाची खाण' अशी एका दिवसाची जोडसहल क्राकोव्हमध्ये सर्रास विकली जाते. ती घेऊ नका. त्या दिवशी दुसरे काहीही ठरवू नका, आणि मैत्रिणींना ते मान्य नसेल तर वेगळ्या दिवशी एकटीने जा.

तुम्ही बर्लिनच्या रहिवासी आहात, म्हणून त्याआधी आपल्याच शहरात पाहण्यासारखे काही सांगते. घरापासून विद्यापीठापर्यंत चालताना पदपथात बसवलेले दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन तुम्हाला दिसले असतील. गुंटर डेम्निग या कलावंताने सुरू केलेल्या या उपक्रमात नाझींनी ज्यांना घरातून नेले त्यांची नावे त्यांच्या शेवटच्या राहत्या घरासमोर कोरून बसवली जातात, आणि 2023 मध्ये युरोपभरातल्या अशा चौकोनांची संख्या 1 लाखावर गेली. आपल्या गल्लीतली नावे वाचा, वर्षे पाहा, कुठे नेले ते पाहा. त्यांतल्या अनेकांवर आउशविट्झ लिहिलेले सापडेल.

त्यानंतर डालेम भागात इनेश्ट्रास 22 या इमारतीपाशी जा. आज ती फ्री विद्यापीठाच्या वापरात आहे. पूर्वी तिथे मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था होती. 1920 च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे यांनी याच संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली माणसाच्या कवटीच्या असममिततेवर डॉक्टरेटचे काम केले. फिशर वंशश्रेष्ठतेचे पुरस्कर्ते होते. आपल्या मोजमापांतून तसा वंशभेद निघत नाही, असे इरावतीबाईंनी प्रबंधात मांडले. पुढे युद्धकाळात याच संस्थेकडे आउशविट्झहून तिथला नाझी डॉक्टर मेंगेले मानवी अवयवांचे नमुने पाठवत होता. दारापाशी त्या इतिहासाचा स्मृतिफलक आहे. समाजशास्त्र शिकणाऱ्या मराठी मुलीने बर्लिनमध्ये सर्वांत आधी कुठे जावे असे मला कोणी विचारले, तर मी ब्रांडेनबुर्ग दरवाजाचे नव्हे, या इमारतीचे नाव सांगेन.

प्रश्न : संग्रहालयांच्या तिकिटांवर फार खर्च होतो. विद्यार्थ्यांना काही सवलती आहेत का?

आहेत, आणि त्या न मागितल्याने हुकतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणाऱ्या 18 ते 25 वर्षांच्या कोणालाही प्रवेश विनामूल्य आहे. राष्ट्रीयत्व कोणतेही चालते, रहिवासाचा पुरावा लागतो. म्हणून विद्यापीठाच्या ओळखपत्राबरोबर रेसिडेन्स परमिटही न्यावे. माद्रिदच्या प्रादोमध्ये 25 वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना विनामूल्य सोडतात. पॅरिसमध्ये शहराच्या मालकीच्या बहुतेक संग्रहालयांतले कायमचे दालन सर्वांनाच विनामूल्य असते. गर्दीने लूव्र नकोसे झाले की त्यांतल्या प्ती पालेमध्ये जाऊन बसावे. इटलीत सरकारी संग्रहालये महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात. परंतु कोलोसियमसारख्या ठिकाणी त्या दिवशी रांगेतच जीव जातो, तेव्हा तो रविवार लहान, कमी नावाजलेल्या संग्रहालयांसाठी ठेवावा. लूव्र मंगळवारी आणि त्याच शहरातले ओर्से सोमवारी बंद असते, हे पाहून दिवस ठरवावा.

काही ठिकाणी पैशापेक्षा आगाऊ नोंदणीचा प्रश्न मोठा असतो. मिलानमधले लिओनार्दोचे 'शेवटचे भोजन' हे भित्तिचित्र पाहायला 15 मिनिटेच मिळतात आणि आरक्षणाशिवाय प्रवेश नाही. अ‍ॅमस्टरडॅममधल्या अ‍ॅन फ्रँक यांच्या घराची तिकिटे केवळ ऑनलाइन, दर मंगळवारी पुढच्या सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी निघतात. स्पेनमधल्या ग्रानादाच्या अलहंब्रा या राजवाड्यात तिकिटावर नाव असते, मूळ पासपोर्ट तपासतात, आणि आतल्या नासरी महालांची ठरलेली वेळ चुकली तर आत सोडत नाहीत. ही तिकिटे आधी हाती घ्यावीत आणि गाडी, मुक्काम वगैरे त्यानंतर ठरवावे.